चार ओळींची जागा

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी गोपिका बारापात्रे सीताबर्डीच्या पोस्टात खिडकीशी उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत त्र्याण्णव पोस्टकार्डं. त्यातल्या एकाही माणसाला ती ओळखत नव्हती, आणि ते त्र्याण्णवच्या त्र्याण्णव जण तिला 'प्रिय गोपिका' म्हणत होते.

"हे मले वापस करायचे आहेत," तिनं पिशवी खिडकीवर ठेवली.

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "वापस म्हणजे?"

"ज्याईनं पाठवले त्याईले वापस. मले नाही पायजे."

"बाई, एकदा डिलिव्हरी झाली का झाली. फाडून टाका घरी जाऊन."

"फाडून काय होते? सारी आळी वाचून बसली न!"

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. गोपिकेचे कान तापले. तिनं पिशवी रागारागानं ओढली, पिशवीचा बंद खिडकीच्या कडीत अडकला, तुटला, आणि त्र्याण्णव कार्डं पोस्टाच्या फरशीवर पसरली.

आता एवढं चिडायला झालं काय होतं, ते सांगायला हवं. सीताबर्डीतून 'ओळखदेख' नावाचं मासिक निघायचं. साल त्र्याहत्तर, घरबसल्या बाहेरच्या जगात डोकवायचं तर पत्रांशिवाय वाट नव्हती. 'ओळखदेख'चा फॉर्म भरायचा... नाव, वय, छंद, पत्ता. अंकात छापून यायचं ते फक्त पहिलं नाव, छंद आणि सभासद क्रमांक. कोणाला पत्र लिहावंसं वाटलं तर त्यानं क्रमांक घालून कचेरीत पाठवायचं, कचेरी ते पुढं धाडायची. 'आपला पत्ता कचेरीबाहेर जाणार नाही' असं फॉर्मवर चक्क छापलेलं होतं. गोपिकेनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि मगच खाली सही केली. छंदाच्या रकान्यात तिनं खरं ते लिहिलं: रेल्वेचं टाइमटेबल वाचणं.

वर्षभर झकास चाललं. मालवणची कौसल्या नावाची मुलगी तिला समुद्राबद्दल लिहायची. गोपिकेनं समुद्र पाहिलेला नव्हता. उत्तरात ती इतवारी स्टेशनातून सुटणाऱ्या छोट्या गाडीबद्दल लिहायची, आणि कौसल्याला त्या गाडीचं कोण कौतुक.

आणि जानेवारीच्या अंकात गोपिकेच्या नावाखाली अख्खा पत्ता छापून आला. वडलांचं नाव, आडनाव, गांधीबाग, अगदी 'भैय्याजी सायकलवाले यांच्या माडीवर, कडुनिंबासमोर' इथपर्यंत. न विचारता, न सांगता!

माडीला पत्रपेटी नव्हती. पोस्टमन सगळ्यांचं टपाल खाली भैय्याजींच्या दुकानात टाकायचा, ती तिथली जुनी रीत. भैय्याजी पंक्चर काढता काढता कार्डं वाचायचे आणि मग वर तोंड करून हाक द्यायचे. "गोपिका, तुयं पत्र आलं वं! यवतमाळचा ओव्हरशियर आहे, रिटायर झालेला. उंची पाच फूट सात लिवली आहे!" दुसऱ्या दिवशी चंद्रपूरचा कोणी, 'टाइमटेबल ठेव बाजूला, मी नेतो तुला' म्हणणारा. तिसऱ्या दिवशी नुसतंच 'ओळखा पाहू मी कोण?' भैय्याजींच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. उघडं कार्ड म्हणजे वाचायचंच, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांच्यावर धड रागावताही येईना, म्हणून गोपिकेची आणखीच चिडचिड व्हायची.

मग एका रविवारी दोन तरुण मासिकाचं पान हातात घेऊन थेट जिना चढून वर आले. "टाइमटेबलवाली गोपिका इथंच राहते ना?" आई, अंजनाबाई, पोळ्या लाटत होत्या. त्या लाटण्यासकट दारात आल्या आणि ते दोघे आले तसे पळाले. पण तोवर समोरची गॅलरी माणसांनी भरली होती. सोमवारी गांधीबागेतल्या ज्या दुकानात देवराव बारापात्रे तीस वर्षं कापड मोजत होते, तिथं एका गिऱ्हाइकानं डोळा मिचकावून त्यांना लेकीच्या छंदाबद्दल विचारलं. देवरावांनी कात्री खाली ठेवली आणि भरदुपारी घरी आले.

"उद्यापासून टायपिंगचा क्लास बंद," ते म्हणाले.

"बाबा, मी काय केलं?"

"तू काही नाही केलं. पण हे लोकाईले कोण सांगन? ज्यानं छापलं त्यालेच छापू दे, का पोरीनं पत्ता छापा म्हटलं नव्हतं. मंग जाय तू क्लासले."

जूनमध्ये टायपिंगची सरकारी परीक्षा होती. चाळीसचा वेग हाताशी आला होता, आणि सर्टिफिकेट मिळालं की नोकरी जवळजवळ ठरलेली. चूक कोणाची, आणि घरात बसायचं कोणी! तीन आठवडे गोपिका चुलीजवळ बसून मांडीवर बोटं चालवत होती, मशीन नसताना. आज ती 'मैत्रिणीकडे जाते' म्हणून निघाली होती.

आणि आता ती पोस्टाच्या फरशीवर उकिडवी बसून कार्डं गोळा करत होती. समोरून आणखी दोन हात कार्डं उचलायला लागले. बोटांची टोकं काळीशार, नखांत शाई. तो माणूस प्रत्येक कार्ड मजकूर खाली करून एकावर एक ठेवत होता, एकही न वाचता. हे गोपिकेनं पाहिलं. तीन आठवड्यांत तिच्या बाबतीत असं वागणारा हा पहिलाच माणूस होता.

मग त्याची नजर वरच्या कार्डावरच्या पत्त्यावर गेली आणि त्याचे हात थांबले.

"कडुनिंबासमोर..." तो हळूच पुटपुटला.

गोपिकेनं मान वर केली. पंचविशीचा असेल. सरळ नाक, वाढलेले केस, आणि चेहरा एकदम उतरलेला. त्याच्या पायाशी कागदी पट्ट्यांत गुंडाळलेल्या मासिकांचे दोन गठ्ठे होते. पट्ट्यांवर छापलं होतं... ओळखदेख.

"तुम्ही तिकडचे?" तिचा आवाज चढला.

"मी... कंपोझिटर आहे. छपाईचे खिळे जुळवतो."

"मंग माह्या पत्ता कोणं छापला, ते तुमाले माहीत असन!"

मालकाचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. मशीनमनवर ढकलता आलं असतं. तो उभा राहिला, कार्डांचा गठ्ठा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "मीच."

त्याच वेळी बाहेर पत्र्यावर तडातडा काहीतरी आदळायला लागलं. अवकाळी गारा! रस्त्यावरची माणसं धावत पोस्टाच्या व्हरांड्यात शिरली, त्या लोंढ्यात हे दोघेही भिंतीशी ढकलले गेले. निघून जायला वाट नव्हती आणि गोपिकेला जायचंही नव्हतं. तिला भांडायचं होतं.

"काहून छापला?"

"सांगतो. अंक पाठवायचे हे जे कागदी पट्टे आहेत न, त्याच्यावरचे पत्ते आम्हीच छापतो. सगळ्याईचे पत्ते जुळवून ठेवलेले असतात. जानेवारीत तुमचं नाव पानाच्या शेवटी आलं, आणि पान चार ओळी कमी पडलं. मशीन खोळंबलं होतं. बाकीच्याईचे पत्ते तीन ओळीत मावते. तुमचाच चार ओळीचा. उचलला, बसवला... बरोबर बसला."

"चार ओळींची जागा भरायले तुम्ही माह्यं घर घातलं?"

"हो."

"त्या घरात माणसं राहतेत, हे नाही आलं ध्यानात?"

"नाही आलं," तो म्हणाला. "मले खिळे दिसले फक्त. माफ करा म्हणणं लई सोपं आहे, म्हणून म्हणत नाही."

तिनं आणखी दहा वाक्यं तयार ठेवली होती, पण समोरचा वादच घालत नव्हता. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

"तुमचा पत्ता असा भिंतीवर कोणी लिवला असता, मंग समजलं असतं तुमाले."

"विश्वनाथ महादेव सोनकुसरे," तो एका दमात म्हणाला. "पुष्पलता शिवणवालीच्या बाजूची खोली, तुळशीबागेजवळ, महाल, नागपूर. तीन ओळीत मावते. कुठंबी लिवा."

"मले काय करायचं तुमच्या पत्त्याचं!"

"काही नका करू. तुमचा मायाजवळ आहे, मंग माया तुमच्याजवळ असू द्या. तेवढं तरी बरोबरीत येऊ."

गोपिकेला हसू फुटायला आलं, आणि ते फुटायला आलं याचा तिला भयंकर राग आला. तिनं तोंड फिरवलं.

"तुमच्या केसात गार अडकली आहे," तो मागून म्हणाला. हात मात्र त्यानं पाठीमागेच ठेवले होते.

"राहू द्या! माह्ये केस आहेत."

गारा थांबल्या. ती पायरी उतरली आणि पुन्हा वळली. "तुमचा मालक कुठं बसते? दाखवा मले."

'ओळखदेख'ची कचेरी एका जिन्याच्या वर होती. अर्ध्या भागात खिळ्यांचे खण आणि मशीन, अर्ध्या भागात मालक मनोहरराव. अंगात रेशमी झब्बा, बोलणं अग्रलेखासारखं.

"अहो, रागावता काय! आभार माना!" त्यांनी खुर्ची पुढं केली. "जानेवारीचा अंक हातोहात गेला. पुन्हा छापावा लागला. पत्ता दिसल्याबरोबर वाचकांना आपलेपणा वाटतो. एवढी पत्रं राजकुमारीला येत नाहीत."

"मले त्या पत्रांनी घरात बसवलं आहे. तुम्ही छापा, का पत्ता माह्या परवानगीनं दिला नव्हता."

"असं छापलं तर मासिकाची अब्रू जाईल."

"आणि माह्यी?"

"ताई, लपूनच बसायचं होतं तर फॉर्म कशाला भरला? सही तुमचीच आहे ना?"

"सही मी 'पत्ता कचेरीबाहेर जाणार नाही' याच्याखाली केली."

"ते वाक्य," मनोहरराव गोड हसले, "आम्ही नव्या फॉर्मवरून काढून टाकलं आहे."

गोपिकेनं खुर्ची मागं सारली. सही झाल्यावर वाक्य पुसायचं, आणि वर हसायचं! हा माणूस चोर असता तर तिला कमी संताप आला असता. चोराला निदान आपण चोरी करतोय हे कळतं.

"एप्रिलचा अंक तर बघाच," ते उत्साहानं सांगू लागले. "महिला विशेषांक. बहात्तर भगिनी, सगळ्या पत्त्यासकट. फोटो मिळाला तर फोटोही."

"त्याईले विचारलं?"

"विचारलं की लोक नाही म्हणतात. म्हणून विचारायचं नसतं."

खणांपाशी उभ्या असलेल्या विश्वनाथानं हातातली खिळे जुळवायची पट्टी खाली ठेवली. "मालक, याईच्या माफीच्या चार ओळी मी जुळवतो. आजच."

"तू सांगतो तेवढं जुळव," मनोहरराव म्हणाले, आणि त्यांनी घंटी वाजवली. म्हणजे गोपिकेनं आता जावं.

जिन्यात तिचे डोळे भरून आले. दुःखानं नव्हे, कोणाला तरी बदडावंसं वाटत होतं आणि बदडता येत नव्हतं. मागून पावलं वाजली.

"त्या बहात्तर जणींले सांगाले पायजे," विश्वनाथ दोन पायऱ्या वर थांबून म्हणाला. "त्यायचे पत्ते मायापाशी आहेत. तुम्ही म्हणत असाल तर आता लिवून आणतो. तुम्ही एकेकीले लिवा."

गोपिकेनं पदरानं डोळे पुसले. मोह झाला, खोटं कशाला बोला? पण तिनं मान हलवली.

"नोको. त्याईनं मले कुठं दिले आपले पत्ते? मंग माह्यात आणि तुमच्या मालकात काय फरक राहिला?"

तो तिच्याकडे बघत राहिला. असा, की तिनं उगाच कठड्याची धूळ झटकली.

"काय पाहून राहिले?"

"काही नाही... हे मले सुचलं नसतं." तो एक पायरी खाली आला. "मार्चचा अंक पंधरा दिवसांनी जाते. पट्ट्यात गुंडाळायचं काम माह्यंच आहे. तुम्ही चिठ्ठ्या लिवून द्या, नाव न टाकता. मी एकेका अंकात सारतो. तुमाले एकही पत्ता दिसणार नाही."

"मालकाले समजलं तर?"

"समजू द्या. बिनविचारता चार ओळी भरल्या, आता विचार करून बहात्तर चिठ्ठ्या भरतो."

त्या संध्याकाळी गोपिकेनं घरी सगळं खरं सांगितलं. देवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अंजनाबाईच म्हणाल्या, "एक दिवस जाऊ द्या तिले क्लासमंदी. मी जाईन तिच्यासंग. पाहू कोण काय म्हणते ते!"

गुरुवारी मायलेकी क्लासमध्ये गेल्या. एका वेळी पाच कार्बन घालून गोपिका टाइप करत होती. बारा वेळा तोच मजकूर, एकही चूक न करता. बाकावर बसून अंजनाबाई कागदांच्या घड्या घालत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी एकदा वाचून दाखवायला लावलं.

'ताई, आपला पत्ता एप्रिलच्या ओळखदेखमध्ये छापला जाणार आहे. तुम्हाला चालत असेल तर काही करू नका. चालत नसेल तर कचेरीला आजच्या आज कळवा. पाकिटातून कळवा, कार्डावर नको. माझा पत्ता छापला गेला. त्र्याण्णव कार्डं आली आणि मी घरात बसले आहे. सभासद क्रमांक एकशे चौदा.'

"शेवटलं वाक्य बरं आहे," अंजनाबाई म्हणाल्या.

चार वाजता विश्वनाथ चिठ्ठ्या न्यायला आला. अंजनाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि बोटांपाशी थांबल्या. "ही शाई निघत नाही का गा?"

"निघते, आई. रॉकेलनं घासा लागते."

"मंग काहून नाही घासत?"

"आज घासूनच आलो," तो ओशाळून म्हणाला.

गोपिकेनं टाइपरायटरवर मान खाली घातली. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. गठ्ठा देताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, आणि घरी आल्यावर तिनं पाहिलं तर करंगळीला काळा डाग पडला होता. तो तिनं लगेच धुतला नाही.

त्यानंतर काहीच नाही. मार्च सरत आला, ऊन चटकायला लागलं. खाली भैय्याजी अजून अधूनमधून हाक द्यायचे, "भंडाऱ्याचं आहे वं, अक्षर बरं आहे!" विश्वनाथाचा मात्र पत्ता नव्हता. चिठ्ठ्या गेल्या की नाही? एक ओळ लिहायला काय झालं होतं त्याला? जगातल्या सगळ्या नको त्या माणसांना तिचा पत्ता सापडत होता, आणि ज्याला तो चार ओळींत पाठ होता तोच एक लिहीत नव्हता. गोपिकेला आता त्याचाही राग यायला लागला. हा राग मात्र वेगळाच होता. जेवताना, केस विंचरताना, कधीही यायचा.

एप्रिलचा अंक आला. तिनं उभ्याउभ्या पट्टा फाडला. महिला विशेषांक नव्हता. एकही पत्ता नव्हता. त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात, जाड ठशात बरोबर चार ओळी होत्या:

'जानेवारीच्या अंकात सभासद क्रमांक ११४ यांचा पत्ता त्यांना न विचारता, त्यांच्या इच्छेविरुद्ध छापला गेला. चूक संपूर्णपणे आमची आहे. त्यांची व त्यांच्या कुटुंबाची आम्ही क्षमा मागतो.'

देवरावांनी त्या ओळी तीनदा वाचल्या. मग अंक घेऊन ते खाली उतरले आणि भैय्याजींच्या पुढ्यात धरला. "वाचा. मोठ्यानं वाचा, भैय्याजी. बाकी सगळं वाचलं न मोठ्यानं?" भैय्याजींनी हात पुसले आणि खड्या आवाजात वाचलं. समोरच्या गॅलरीतही ऐकू गेलं.

"जाय मा, उद्यापासून क्लासले," वर येऊन देवराव म्हणाले, आणि लेकीकडे न बघता टोपी खुंटीला अडकवत बसले.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर गोपिका थेट 'ओळखदेख'चा जिना चढली. खणांपाशी दुसराच माणूस उभा होता. मनोहररावांनी तिला पाहिलं आणि या वेळी खुर्ची पुढं केली नाही.

"तो गेला. काढून टाकला त्याला," ते म्हणाले.

ती रस्त्यावर आली तेव्हा तिचे कान नुसते भणभणत होते. चूक कबूल करणारा नोकरीबाहेर, आणि चूक करून हसणारा खुर्चीत! व्हरायटी चौकापर्यंत ती तशीच तरातरा चालली आणि तिथं एकदम थांबली. पुष्पलता शिवणवालीच्या बाजूची खोली, तुळशीबागेजवळ, महाल. तीन ओळी. तिनं कधी लिहून ठेवल्या नव्हत्या, तरी एक अक्षर विसरली नव्हती.

तिनं पाकीट विकत घेतलं. कार्ड नाही. आत लिहिलं: 'शनिवारी चार वाजता, गारांच्या व्हरांड्यात. तुमचा पत्ता वापरला म्हणून रागावू नका. तुम्हीच दिला होता.'

शनिवारी तो तिच्या आधी येऊन उभा होता. बोटं घासून घासून लालसर झालेली.

"नोकरी माह्यापायी गेली तुमची," ती आल्या आल्या म्हणाली.

"माह्यापायी गेली. अठ्ठावन्न पाकिटं आली कचेरीत, एकाच आठवड्यात! आणि वर्ध्याहून यमुताई नावाच्या हेडमास्तरीणबाई स्वतः आल्या, छत्री घेऊन. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, माझा पत्ता कोणाला विचारून छापताय? छापणार नाही असं लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही. चार तास बसल्या."

"आणि मालक?"

"लिवून दिलं. तुमच्या चार ओळीही त्याईच्यासमोरच कबूल केल्या. मंग मायाकडे वळले. चिठ्ठ्या कोणं सारल्या म्हणून विचारलं."

"तुम्ही काय म्हटलं?"

"मीच."

पोस्टात पहिल्यांदा त्यानं हाच शब्द म्हटला होता, आणि तेव्हा तिला त्याला मारावंसं वाटलं होतं.

"त्या चार ओळी जुळवल्या आणि निघालो," तो म्हणाला. "आता महालात एका छापखान्यात लागलो. लग्नपत्रिका छापतो."

"कोणाच्या?"

"लोकाईच्या... अजून तरी."

तिनं नजर दुसरीकडे वळवली. रस्त्यावरून संत्र्यांचा एक ठेला चालला होता, तो तिनं अगदी मन लावून पाहिला. "एवढं सगळं झालं, आणि एक चिठ्ठी नाही टाकली तुम्ही. पत्ता नव्हता का?"

"पाठ आहे. झोपेत जुळवून दाखवतो. तीनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो सायकलनं. कडुनिंब दिसते तिथून."

"मंग काहून नाही आले?"

"तुम्ही कुठं दिला होता मले तो पत्ता?" तो म्हणाला. "मी उचलला होता."

तीन महिने ज्या रागावर ती जगत होती, तो राग कुठं गेला ते गोपिकेला कळलंच नाही.

"एक बोलू?" त्याचा आवाज खाली आला. "लग्नपत्रिकेवर नं... मुलीकडचा पत्ता छापाच लागते. तशी एक पत्रिका मले जुळवायची आहे. चार ओळींची जागा सोडून ठेवली आहे. पण या वेळी मी विचारून राहिलो... आधी."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर जागा कोरी राहीन. दुसरं काही भरत नाही त्याच्यात."

गोपिकेनं पिशवीतून क्लासची वही काढली, एक पान फाडलं आणि व्हरांड्याच्या भिंतीवर टेकवून लिहायला लागली. तो बघत नव्हता; रस्त्याकडे तोंड करून उभा होता. तिनं घडी घातली आणि पुढं केली.

"घ्या. मी देऊन राहिली," ती म्हणाली. "खाली दिवस आणि वेळही टाकली आहे. बाबा रविवारी पाच वाजता घरी असतेत. तुमच्याकडच्या मोठ्या माणसाले घेऊन या. आणि पत्रिकेचं... आधी बाबाले विचारा. मले विचारून झालं."

त्यानं ती घडी उघडली नाही. खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.

रविवारी पाचला पाच मिनिटं असताना गोपिका आतल्या खोलीत उभी होती. अंजनाबाईंनी पोहे केले होते, देवरावांनी टोपी दोनदा नीट केली होती. खाली सायकलची घंटी वाजली. मग भैय्याजींचा आवाज, नेहमीसारखा, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"गोपिका! तुयासाठी आलं आहे वं कोणीतरी! महालचा आहे, संग त्याची माय आहे... थांब, विचारतो काय करते तो..."

गोपिका धावत गॅलरीत आली. खाली विश्वनाथ मान वर करून उभा होता, धुतलेल्या हातांत मिठाईचा पुडा. समोरच्या गॅलरीत माणसं गोळा व्हायला लागली होती. पाहू द्या, तिला वाटलं. आज पाहू द्या.

"भैय्याजी," ती वरून म्हणाली, "ते माह्यं आहे. न वाचता वर पाठवा!"